बासरच्या लोहमार्गावरील डिझेल इंजिने : एका नमुन्याची वाटचाल

गोदावरीच्या तीरावर वसलेले बासर हे क्षेत्र ज्ञानसरस्वतीच्या मंदिरामुळे मराठी भाषिकांना सुपरिचित आहे. मराठवाड्यातील अनेक कुटुंबे आपल्या मुलांचा अक्षरारंभ येथे करवून घेतात. पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात असलेले हे गाव २०१६ पासून तेलंगणातील निर्मल जिल्ह्यात मोडते. महाराष्ट्राची सीमा येथून जवळच आहे. नांदेड जिल्ह्यातील धर्माबाद हे याच लोहमार्गावरील शेजारचे मोठे स्थानक होय. निजामाबादकडून येणारी गाडी गोदावरीचा पूल ओलांडून बासरला पोहोचते आणि पुढे धर्माबाद, मुदखेड, नांदेड, परभणी, औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) असा प्रवास करीत मनमाडला जाते.

सिकंदराबाद ते मनमाड हा मार्ग निजाम संस्थानाच्या काळात, विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी, वाहतुकीस खुला झाला. तो मीटरमापी होता, म्हणजे त्याच्या दोन रुळांतील अंतर एक मीटर होते. या मार्गाने वाफेची इंजिने पाहिली, त्यानंतर मीटरमापी डिझेल इंजिने पाहिली, रुंदमापी मार्ग झाल्यावर अधिक शक्तीची डिझेल इंजिने पाहिली आणि आता विजेवर चालणारी इंजिनेही पाहिली. फलाटावर उभ्या असलेल्या प्रवाशास इंजिन बदलले एवढेच दिसते. परंतु या बदलामागे एका औद्योगिक प्रयत्नाचा इतिहास आहे. परक्या देशातून घेतलेला नमुना आपल्याकडे कसा रुजला आणि मूळ निर्माता व्यवसायातून नाहीसा झाल्यावरही तो कसा वाढत राहिला, हे समजून घेणे ग्रामस्थ, अधिकारी व शिक्षक या सर्वांनाच उद्बोधक ठरेल.

डिझेल इंजिन चालते कसे

वाफेच्या इंजिनात कोळसा बाहेर, भट्टीत जळतो. त्याच्या उष्णतेने पाण्याची वाफ होते व ती वाफ पिस्टन ढकलते. या लांबच्या प्रवासात बरीचशी उष्णता वाया जाते. कोळशातील शंभर भाग ऊर्जेपैकी जेमतेम सहा ते आठ भाग गाडी ओढण्याच्या कामी येत. शिवाय ठिकठिकाणी पाणी भरणे, राख काढणे, भट्टी आधीपासून पेटवून ठेवणे ही कामे असत. ज्या प्रदेशात उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचीही टंचाई भासते, तेथे इंजिनासाठी लागणारे पाणी ही लहान बाब नव्हती.

डिझेल इंजिनात इंधन सिलिंडरच्या आतच जळते. पिस्टन वर येताना आतील हवा सुमारे बारा-तेराव्या हिश्श्यापर्यंत दाबली जाते. सायकलचा पंप मारताना नळी गरम होते, हा अनुभव सर्वांनाच आहे. तेच तत्त्व येथे कितीतरी मोठ्या प्रमाणावर काम करते. दाबलेली हवा इतकी तापते, की तिच्यात फवारलेले डिझेल ठिणगीवाचून पेट घेते. इंधनातील शंभरापैकी पंचवीस ते तीस भाग ऊर्जा अशा रीतीने उपयोगात येते.

मात्र रेल्वेच्या मोठ्या इंजिनात ही शक्ती थेट चाकांना जोडलेली नसते. डिझेल यंत्र एक जनित्र फिरवते, जनित्रातून वीज निर्माण होते आणि ती वीज आसांवर बसविलेल्या मोटारींना पुरविली जाते. चाके फिरतात ती या मोटारींमुळे. म्हणून अशा इंजिनास डिझेल-विद्युत इंजिन म्हणतात. ते आपल्याबरोबर छोटेसे वीजकेंद्र घेऊनच धावते, असे म्हटले तरी चालेल. शेकडो टन वजनाची उभी गाडी हलविण्यास आरंभी फार मोठा जोर लागतो. विजेची मोटार हा जोर स्थिर अवस्थेतूनच देऊ शकते, हे या व्यवस्थेचे इंगित होय.

नावांची फोड

इंजिनावर लिहिलेली अक्षरे शिक्षकांना वर्गात सहज समजावून सांगता येतील. पहिले अक्षर रुळांचे माप दाखविते : ‘डब्ल्यू’ म्हणजे रुंदमापी (१.६७६ मीटर), ‘वाय’ म्हणजे मीटरमापी. दुसरे अक्षर ‘डी’ म्हणजे डिझेल. तिसरे अक्षर काम सांगते : ‘पी’ प्रवासी गाडीसाठी, ‘जी’ मालगाडीसाठी व ‘एम’ दोन्ही कामांसाठी. त्यापुढील आकडा हा जुन्या नमुन्यांत केवळ क्रमांक असे. डब्ल्यूडीएम-२ म्हणजे रुंदमापी, मिश्र कामाच्या डिझेल इंजिनाचा दुसरा नमुना. या शतकाच्या आरंभापासून मात्र आकड्याने हजार अश्वशक्ती व पुढील अक्षराने शेकडा दाखविण्याची पद्धत आली. त्यानुसार डब्ल्यूडीएम-३ए म्हणजे ३१०० अश्वशक्तीचे इंजिन. पुढील काही नमुन्यांत हे अक्षर काटेकोरपणे जुळत नाही, तरी सर्वसाधारण अंदाज येण्यास ही खूण पुरेशी आहे.

खरेदी करावी की शिकावे ?

स्वातंत्र्यानंतर देशाने प्रथम वाफेची इंजिने स्वतः बांधण्याकडे लक्ष दिले. चित्तरंजनच्या कारखान्यात १९५० पासून त्यांची निर्मिती सुरू झाली व १९७२ पर्यंत ती चालली. याच काळात डिझेल इंजिनांची आवश्यकता जाणवू लागली. माथेरानच्या डोंगरी मार्गावर १९५० च्या दशकाच्या मध्यास जर्मनीतील युंग कारखान्याची छोटी डिझेल इंजिने आली. परंतु तेवढ्याशा इंजिनांनी देशाची गरज भागणार नव्हती. पोलाद कारखान्यांसाठी कोळसा व लोहखनिज वाहून नेणाऱ्या अवजड गाड्यांना मोठी शक्ती हवी होती.

१९५७ पासून अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनी, म्हणजेच ‘आल्को’, या कंपनीकडून डब्ल्यूडीएम-१ या नमुन्याची १०० इंजिने घेण्यात आली. बारा सिलिंडरची ही इंजिने सुमारे १९५० अश्वशक्तीची होती. त्यांत चालकाची खोली एकाच टोकास असल्यामुळे परतीच्या प्रवासासाठी इंजिन फिरवून घ्यावे लागे, ही त्यांची गैरसोय होती. तरीही मुख्य मार्गावर डिझेल इंजिन काय करू शकते, याचा अनुभव त्यांनीच दिला.

त्यानंतर, १९६२ मध्ये, अमेरिकेतील दोन प्रतिस्पर्धी निर्मात्यांची प्रत्येकी २६०० अश्वशक्तीची इंजिने भारतात आली. आल्कोचा नमुना डब्ल्यूडीएम-२ म्हणून व जनरल मोटर्सच्या इलेक्ट्रो-मोटिव्ह विभागाचा नमुना डब्ल्यूडीएम-४ म्हणून ओळखला जाऊ लागला. डब्ल्यूडीएम-४ ची ७२ इंजिने आली. ती उत्तम होती. १९६९ मध्ये हावडा व नवी दिल्ली यांच्या दरम्यान पहिली राजधानी एक्स्प्रेस सुरू झाली, तेव्हा ती ओढण्याचे काम याच नमुन्याकडे होते. मग देशात निर्मितीसाठी आल्कोचा नमुना का निवडला गेला? रेल्वेचे अभ्यासक याचे मुख्य कारण असे सांगतात, की आल्को आपले तंत्रज्ञान हस्तांतरित करण्यास तयार होती. आराखडे, निर्मितीची पद्धत, धातूंची परिमाणे व कामगारांचे प्रशिक्षण यांसह तो नमुना आपल्या हाती येणार होता.

हा निर्णय वरवर पाहता धाडसाचा वाटेल. बाजारात वरचढ असलेला निर्माता बाजूस ठेवून दुय्यम स्थानावरील निर्मात्याशी करार करणे, ही गोष्ट सहज पटणारी नव्हे. परंतु प्रश्न केवळ ‘आज कोणते इंजिन चांगले’ असा नव्हता. ‘वीस वर्षांनी हे इंजिन नादुरुस्त झाले, तर त्याचे भाग कोण घडविणार’ असाही तो होता.

वाराणसीचा कारखाना

वाराणसी येथील डिझेल इंजिन कारखान्याची कोनशिला एप्रिल १९५६ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसविण्यात आली. आल्कोच्या सहकार्याने कारखान्याची उभारणी झाली व जानेवारी १९६४ मध्ये पहिले डब्ल्यूडीएम-२ इंजिन तेथून बाहेर पडले. प्रथम तयार सुटे भाग परदेशातून आणून येथे जोडणी केली जाई. पुढे क्रमाक्रमाने एकेक भाग देशात घडविला जाऊ लागला.

या नमुन्याचे हृदय म्हणजे ‘२५१’ या क्रमांकाचे डिझेल यंत्र. त्यात ‘व्ही’ आकारात मांडलेले सोळा सिलिंडर असत. प्रत्येक सिलिंडरचा व्यास सुमारे २२९ मिलिमीटर व पिस्टनची धाव सुमारे २६७ मिलिमीटर. गणित मांडून पाहिले, तर एका सिलिंडरची धारणाशक्ती जवळजवळ ११ लिटर भरते आणि सोळांची मिळून सुमारे १७५ लिटर. इंजिनाचे एकूण वजन सुमारे ११३ टन. सहा आसांपैकी प्रत्येकावर एक विजेची मोटार असे. चालकाच्या हातातील नियंत्रकाचे आठ टप्पे असत. आठव्या टप्प्यावर यंत्र मिनिटास १००० फेरे घेई.

डब्ल्यूडीएम-२ ची निर्मिती १९९० च्या दशकाच्या अखेरपर्यंत चालली व एकूण संख्या २६०० च्या वर गेली. देशातील बहुतेक सर्व रुंदमापी मार्गांवर हे इंजिन धावले. मेल गाडी असो, पॅसेंजर असो वा मालगाडी, कोणत्याही कामास ते जुंपता येई. घरातील एकाच बैलजोडीने नांगरट, मळणी व गाडी ही सर्व कामे करावीत, तसा हा प्रकार होता.

मीटरमापी मार्गाचा सोबती : वायडीएम-४

बासरच्या मार्गाशी प्रथम संबंध आला तो या घराण्यातील धाकट्या नमुन्याचा. मीटरमापी रूळ व पूल यांना रुंदमापी इंजिनाचे वजन पेलणारे नव्हते. म्हणून आल्कोने वायडीएम-४ हा नमुना दिला. १९६० च्या दशकाच्या आरंभी तो आयात झाला व त्या दशकाच्या अखेरीस वाराणसी येथे त्याची निर्मिती होऊ लागली. त्यात २५१ याच जातीचे, परंतु एका ओळीतील सहा सिलिंडरचे यंत्र होते. शक्ती सुमारे १४०० अश्वशक्ती व वजन सुमारे ७२ टन. हे वजन सहा आसांवर विभागले जात असल्याने प्रत्येक आसावर केवळ १२ टन भार येई. हलक्या रुळांसाठी हेच महत्त्वाचे होते.

येथे घराण्याचा उपयोग ध्यानात येतो. मोठ्या व लहान यंत्रांत सिलिंडरची संख्या वेगळी, पण सिलिंडरचे माप एकच. त्यामुळे यंत्राचे अनेक भाग, ते घडविण्याची साधने आणि कारागिरांचे ज्ञान दोहोंसाठी उपयोगी पडे. मुख्य मार्गावरील इंजिनावर शिकलेला तंत्रज्ञ मीटरमापी मार्गावरील इंजिनापुढे अनभिज्ञ ठरत नसे.

सिकंदराबाद ते मनमाड मार्गावर दीर्घकाळ वाफेची इंजिनेच राबली. काचीगुडा व मनमाड यांना जोडणारी अजिंठा एक्स्प्रेस ही या मार्गावरील मानाची गाडी होती. मीटरमापी काळाच्या उत्तरार्धात वायडीएम-४ इंजिनांनी वाफेच्या इंजिनांची जागा घेतली. कापूस, धान्य, मिरची यांची ने-आण, बासरचे यात्रेकरू आणि शिक्षणासाठी शहरात जाणारे विद्यार्थी या सर्वांचा भार या इंजिनांनी वाहिला. हाच नमुना देशाबाहेरही गेला. १९७६ मध्ये वाराणसीच्या कारखान्याने टांझानिया या देशास मीटरमापी डिझेल इंजिने निर्यात केली. पंधरा वर्षांपूर्वी जो देश इंजिने विकत घेत होता, तो आता विकू लागला होता.

मूळ निर्माता गेला, नमुना राहिला

आल्को कंपनीची स्थापना १९०१ मध्ये, अनेक लहान कारखाने एकत्र येऊन, झाली होती. न्यूयॉर्क राज्यातील स्केनेक्टडी येथे तिचा मुख्य कारखाना होता. वाफेच्या इंजिनांत तिचा मोठा नावलौकिक होता आणि १९२० च्या दशकात डिझेल इंजिनांचे पहिले यशस्वी प्रयोग करणाऱ्यांतही ती होती. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर तिने घाईने बाजारात आणलेल्या ‘२४४’ यंत्रात वारंवार दोष उद्भवले व ग्राहकांचा विश्वास डळमळला. त्याची सुधारित जागा घेणारे २५१ यंत्र चांगले होते. पण तोवर जनरल मोटर्सने बाजारपेठ व्यापली होती. त्यातच आल्कोला विजेची सामग्री पुरविणारी जनरल इलेक्ट्रिक ही कंपनी १९६० च्या सुमारास स्वतःच मुख्य मार्गावरील डिझेल इंजिने बनवून स्पर्धेत उतरली. अखेर १९६९ मध्ये आल्कोने इंजिनांची निर्मिती थांबविली.

ज्या निर्मात्यावर आपण विसंबलो, तोच बंद पडला, तर काय होते? केवळ तयार इंजिने विकत घेणाऱ्या देशास सुटे भाग शोधत फिरावे लागले असते. येथे तसे घडले नाही. आराखडे वाराणसीत होते, यंत्रसामग्री वाराणसीत होती आणि ते काम जाणणारे हातही तेथेच होते. पाच वर्षांत जे शिकून घेतले होते, ते पुढील अनेक दशके पुरले. १९८१ मध्ये पतियाळा येथे डिझेल इंजिनांच्या सुट्या भागांसाठी स्वतंत्र कारखाना स्थापन झाला. साधारण अठरा वर्षे धावलेल्या इंजिनाची पूर्ण उकल करून ते नव्यासारखे बांधण्याचे कामही पुढे तेथे होऊ लागले.

२६०० वरून ३३०० : तेच सिलिंडर, अधिक शक्ती

या वाटचालीची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. तंत्रज्ञान हाती आले, तरी जवळजवळ तीस वर्षे मुख्य नमुन्याची शक्ती २६०० अश्वशक्तीवरच राहिली. या काळात जगातील इतर निर्माते पुढे गेले. गाड्या लांब व जड होऊ लागल्या, तेव्हा एका गाडीस दोन इंजिने जोडावी लागत. परवाना मिळविणे ही शिक्षणाची पहिली इयत्ता होय. पुढील इयत्ता स्वतःच्या बुद्धीनेच उत्तीर्ण व्हाव्या लागतात.

लखनौ येथील रेल्वेची संशोधन, अभिकल्प व मानक संघटना आणि वाराणसीचा कारखाना यांनी १९८० च्या दशकात या यंत्राचा इंधनखर्च कमी करण्याचे प्रयत्न केले. १९९४ मध्ये ३१०० अश्वशक्तीचा नमुना सिद्ध झाला. तोच पुढे डब्ल्यूडीएम-३ए म्हणून ओळखला गेला. १९९५ मध्ये त्याचा मालगाडीसाठीचा भाऊबंद, डब्ल्यूडीजी-३ए, आला. २००३ मध्ये ३३०० अश्वशक्तीचे डब्ल्यूडीएम-३डी तयार झाले. या सर्वांत सोळा सिलिंडरचे २५१ यंत्रच होते. विद्यार्थ्यांनी भागाकार करून पाहावा : २६०० अश्वशक्तीच्या नमुन्यात एका सिलिंडरच्या वाट्याला सुमारे १६२ अश्वशक्ती येते, ३१०० च्या नमुन्यात १९४ आणि ३३०० च्या नमुन्यात २०६.

सिलिंडर न वाढविता शक्ती वाढली कशी? अधिक इंधन जाळावयाचे, तर त्यासाठी अधिक हवा हवी. बाहेर पडणाऱ्या तप्त धुराच्या जोरावर एक चक्र फिरवून त्यायोगे हवा दाबून आत ढकलणाऱ्या साधनास टर्बोसुपरचार्जर म्हणतात. हे साधन अधिक कार्यक्षम केले, दाबल्याने तापलेली हवा आत सोडण्यापूर्वी अधिक थंड केली आणि इंधन फवारणारे पंप मोठे केले, की तोच सिलिंडर अधिक काम करतो. जनित्रातही बदल झाला. जुन्या एकदिश प्रवाहाच्या जनित्राऐवजी प्रत्यावर्ती प्रवाहाचे, हलके व कमी देखभालीचे जनित्र आले व त्याची वीज एकदिश करून मोटारींना दिली जाऊ लागली.

गाडी सुटताना डिझेल इंजिनातून काळ्या धुराचा लोट निघतो, हे अनेकांनी पाहिले असेल. त्याचे कारणही या चक्रातच आहे. चालकाने टप्पा वाढविताच इंधन लगेच वाढते. परंतु धुरावर फिरणाऱ्या चक्रास वेग घेण्यास थोडा अवधी लागतो. तेवढ्या वेळात हवा कमी पडते, इंधन अर्धवट जळते व काजळी बाहेर पडते. आल्को घराण्यातील इंजिनांचा हा दोष शेवटपर्यंत पूर्णतः गेला नाही.

दुसऱ्या घराण्याचे आगमन

१९६२ मध्ये ज्या निर्मात्याचे तंत्रज्ञान मिळाले नव्हते, त्याच जनरल मोटर्सशी १९९५ मध्ये तंत्रज्ञान हस्तांतरणाचा करार झाला. १९९९ मध्ये डब्ल्यूडीजी-४ ही ४००० अश्वशक्तीची मालगाडीची इंजिने आली, २००१ मध्ये प्रवासी गाड्यांसाठी डब्ल्यूडीपी-४ आले आणि २००२ पासून वाराणसीत या घराण्याची निर्मिती होऊ लागली.

या निर्मात्याच्या यंत्रांचे क्रमांक अर्थपूर्ण आहेत. एका सिलिंडरची धारणाशक्ती घन इंचांत मोजून तोच आकडा यंत्रास दिला जाई : १९३८ चे ५६७, १९६० च्या दशकातील ६४५ व १९८० च्या दशकातील ७१०. पूर्वीच्या डब्ल्यूडीएम-४ मध्ये ५६७ होते. डब्ल्यूडीजी-४ मध्ये ७१० आले. म्हणजे येथेही एकच मूळ कल्पना साठ वर्षे टप्प्याटप्प्याने वाढविली गेली होती. या यंत्रात हवा ढकलणारे चक्र कमी वेगात असताना यंत्राच्या दंतचक्रांनीच फिरविले जाते, म्हणून गाडी सुटताना धूर कमी निघतो. चाकांच्या मोटारी तीन-कला प्रत्यावर्ती प्रवाहाच्या असल्याने त्यांत झिजणारे ब्रश नसतात व ओल्या रुळांवर चाक घसरण्यास अधिक चांगला आवर घालता येतो. २०१० मध्ये ४५०० अश्वशक्तीचे व दोन्ही टोकांस चालकाची खोली असलेले डब्ल्यूडीपी-४डी तयार झाले. पहिल्या डब्ल्यूडीएम-१ ची जी गैरसोय होती, ती अशा रीतीने दूर झाली.

बासरच्या मार्गावर याच सुमारास मोठे स्थित्यंतर घडले. मनमाडकडील भागाचे रुंदीकरण १९९० च्या दशकात झाले होते. बासरवरून जाणारा मुदखेड ते सिकंदराबाद हा भाग या शतकाच्या पहिल्या दशकात रुंदमापी झाला. मीटरमापी रुळांबरोबर वायडीएम-४ इंजिनेही येथून गेली. त्याबरोबर मनमाडला माल एका डब्यातून दुसऱ्यात भरण्याची व प्रवाशांनी गाडी बदलण्याची जुनी अडचणही संपली. मुंबई व सिकंदराबाद यांना जोडणारी देवगिरी एक्स्प्रेस या मार्गाने थेट धावू लागली आणि रुंदमापी डिझेल इंजिने गोदावरीच्या पुलावरून जाऊ लागली.

विजेच्या तारा आल्यानंतर

कोणताही नमुना चिरंजीव नसतो. गेल्या दशकात रेल्वेने जवळजवळ सर्व रुंदमापी मार्गांच्या विद्युतीकरणाचे धोरण स्वीकारले. मनमाड, मुदखेड व पुढे ढोणपर्यंतच्या मार्गाचे विद्युतीकरणही त्यात समाविष्ट झाले व बासरच्या रुळांवर विजेच्या तारा आल्या. वाराणसीच्या कारखान्याने २०१७ पासून विजेची इंजिने बांधण्यास आरंभ केला. ऑक्टोबर २०२० मध्ये त्याचे नाव बदलून ‘बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स’ असे करण्यात आले. ‘डिझेल’ हा शब्द नावातून गेला. डिझेल इंजिने तेथे आता प्रामुख्याने निर्यातीसाठी बांधली जातात. २०२१ मध्ये मोझांबिक देशास ३००० अश्वशक्तीची इंजिने पाठविण्यात आली.

या संक्रमणातही जुने ज्ञान कामी आले. २०१८ मध्ये वाराणसी येथे डब्ल्यूडीजी-३ए या दोन डिझेल इंजिनांचे रूपांतर करून त्यांपासून १०,००० अश्वशक्तीची विजेची जोडी बनविण्यात आली. तीस वर्षे ज्यांनी डिझेल इंजिने बांधली, त्याच कारागिरांनी हे काम केले. हा प्रयोग पुढे मोठ्या प्रमाणावर चालविला गेला नाही. तथापि इंजिनाचा सांगाडा, चाकांचे गाडे व आस हे डिझेल आणि वीज या दोन्ही प्रकारांत किती जवळचे आहेत, हे त्यातून दिसून आले. दरम्यान बिहारमधील मढौरा येथे जनरल इलेक्ट्रिकच्या सहभागातून नवी डिझेल इंजिने बांधली जाऊ लागली. एकेकाळी आल्कोची सोबत सोडून स्पर्धक झालेली हीच ती कंपनी.

या इतिहासाचा बोध

डिझेल इंजिनांच्या या वाटचालीतून तीन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी, की यंत्र विकत घेणे आणि यंत्राची विद्या मिळविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. यंत्र झिजते, विद्या मात्र वापराने वाढते. १९६२ मध्ये विद्येची निवड झाली, म्हणूनच १९६९ मध्ये आल्कोने निर्मिती थांबविली, तरी आपल्या गाड्या थांबल्या नाहीत.

दुसरी गोष्ट अशी, की मिळालेली विद्या जशीच्या तशी जपून ठेवणे पुरेसे नाही. सोळा सिलिंडरचे तेच यंत्र २६०० वरून ३३०० अश्वशक्तीवर नेण्याचे काम मूळ निर्मात्याने केलेले नाही. ते येथील अभियंत्यांनी व कामगारांनी केले, आणि ते आणखी आधी झाले असते तर अधिक लाभ झाला असता. तिसरी गोष्ट म्हणजे भागांची समानता. एका मापाचे सिलिंडर मीटरमापी व रुंदमापी दोन्ही मार्गांवर वापरल्याने साठा, साधने व शिक्षण यांवरील खर्च वाचला.

हा विचार केवळ रेल्वेपुरता नाही. ग्रामपंचायत पाणीपुरवठ्याचा पंप घेते, सहकारी संस्था ट्रॅक्टर वा मळणीयंत्र घेते, शाळा प्रयोगशाळेचे साहित्य मागविते. अशा वेळी किंमत व शक्ती यांबरोबर आणखी काही प्रश्न विचारले पाहिजेत. याचे सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतील काय? दुरुस्ती करू शकणारा माणूस आपल्या गावात तयार होईल काय? विक्रेत्याने उद्या दुकान बंद केले, तर हे यंत्र चालू राहील काय? गावात आधीपासून असलेल्या यंत्रांशी याचे भाग जुळतात काय? या प्रश्नांची उत्तरे खरेदीपूर्वी मिळविली, तर गोदामात गंजत पडणाऱ्या यंत्रांची संख्या निश्चितच कमी होईल.

शिक्षकांना या विषयाचा आणखी एक उपयोग करता येईल. लोहमार्गाजवळील शाळांतील विद्यार्थ्यांनी स्थानकाच्या फलाटावर सुरक्षित अंतरावर उभे राहून येणाऱ्या इंजिनावरील अक्षरे टिपून घ्यावीत, त्यांची फोड करावी आणि ते इंजिन डिझेलचे आहे की विजेचे, मालगाडीचे आहे की प्रवासी गाडीचे, हे सांगावे. बासरला अक्षरारंभ केलेल्या मुलास ही अक्षरेही वाचता आली, तर त्याचे शिक्षण पाटीवरून रुळांपर्यंत पोहोचले असे म्हणता येईल.